मामाच्या कात्रीवर आलेली बंदी

माझा मामा केस कापतो आणि कापता कापता कात्री हवेत वाजवतो. तसं सगळेच सलूनवाले वाजवतात. एक बट कापून झाली की दुसरी कंगव्यात येईपर्यंत कात्री रिकामीच उघडमीट करत ठेवायची, म्हणजे हाताची लय मोडत नाही. पण बाकीच्यांची कात्री नुसती बडबडते आणि मामाची गाते. हे मी भाची म्हणून सांगत नाहीये. भाची म्हणून सांगायला बसले तर मामाबद्दल इतकं काही बाहेर पडेल की माझा सलूनमधला चहा बंद होईल. कच... कचकच, टक. कच... कचकच, टक. असं चालतं ते. त्या आवाजात रडकी पोरं गप्प होतात, बँकेतले साहेब घोरायला लागतात, आणि एक गृहस्थ तर कटिंग संपल्यावर उठायलाच तयार नसतात. "मागे अजून थोडं बघा की," म्हणतात, मागे बघण्यासारखं काहीही उरलेलं नसताना.

सलून म्हणजे एक लांबट खोली. भिंतभर आरसा, आरशासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक वरखाली होत नाही म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसलेला असतो. मागच्या बाजूला पडदा आणि पडद्याआड मामीची खोली. मामी लोकांचे कपडे दुरुस्त करते. पँट आखूड कर, चेन बदल, बाह्या सैल कर, पोट सुटलेल्यांचे शर्ट बाजूनं उसवून दे. मामीला हसू आवरत नाही. कुणी शिंकलं तरी हसते. मामा रागावला की जास्त हसते, आणि त्यामुळे मामाला आयुष्यात एकदाही धड रागावता आलेलं नाही.

अख्खी गल्ली त्याला मामाच म्हणते. स्वभावानं लोण्याहून मऊ, पण एका गोष्टीला भयंकर घाबरतो: लिहिलेल्या सूचनेला. तोंडी कुणी काही सांगितलं तर वाद घालेल, पण पाटी दिसली की संपलं. एकदा बागेतली 'गवतावर चालू नये' ही पाटी कुणीतरी उचलून फुटपाथला टेकवून ठेवली होती, तर मामा वाहनांच्या गर्दीतून, रस्त्याच्या मधून चालत गेला. "मामा, इथे गवत कुठंय?" मी ओरडले. "लिहिलंय ना!" तो तिकडून ओरडला. मागून बस हॉर्न वाजवत होती आणि मामी फुटपाथवर बसून हसत होती.

मी दाताच्या दवाखान्यात फोन घेते आणि लोकांना तारखा देते. दिवसभर दुखऱ्या दाढांचे आवाज ऐकून संध्याकाळी कानाला काहीतरी बरं लागतं, म्हणून घरी जाताना सलूनमध्ये थांबते. अशाच एका संध्याकाळी मी मामाचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. व्हिडिओत फक्त मामाचे हात, कात्री, कंगवा आणि गिऱ्हाइकाची मान. मामाचं तोंड मुद्दाम घेतलं नाही, कारण काम करताना तो जीभ बाहेर काढतो आणि मला खानदानाची अब्रू जपायची आहे. लोकांना तो फार आवडला. कुणी लिहिलं, रात्री हे लावून झोपतो. कुणी विचारलं, हे कोणतं वाद्य आहे.

मग एक दिवस आमच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये गाणं लागलं. माझ्याबरोबर गाल सुजलेला एक पेशंट होता आणि तो गालाला हात लावून मान डोलवत होता. मी कान टवकारले. गाण्यात ढोल नव्हता, तबला नव्हता, खाली सलग वाजत होतं ते कच... कचकच, टक! मी पेशंटचा दंड धरला आणि ओरडले, "हा माझा मामा आहे!" पेशंट सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "अशं का, शान गातात." मी त्याला तिथेच सोडलं आणि सलूनकडे पळत सुटले.

पुढचे काही आठवडे आमच्या घराण्यानं जमिनीवर पाय ठेवला नाही. गाणं सगळीकडे होतं. जिममध्ये, बसमध्ये, दूधवाल्याच्या फोनमध्ये. मामा रस्त्यानं जाताना कुठल्याही खिडकीतून ते ऐकू आलं की थांबायचा आणि खिडकीला नमस्कार करायचा. आत कुणी आंघोळ करत असेल, भांडत असेल, त्याला काय त्याचं. सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी गाणं ऐकवायचा, मग तेच प्रत्यक्ष वाजवून दाखवायचा, मग पुन्हा गाणं ऐकवायचा. एवढं होईपर्यंत त्या माणसाचे केस थोडे वाढत असावेत.

"पण खाली नाव कुणाचं आहे?" मामीनं पडद्याआडून विचारलं.

मी बघितलं. नाव एका तरुण संगीतकाराचं होतं. फोटोत त्याची कमरेपर्यंत आलेली वेणी होती. मामाचं नाव कुठेच नव्हतं.

"खाली जागा कमी असेल," मामा म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून तो गाणं ऐकवून झालं की हळूच जोडायचा, "नाव टाकायचं राहिलंय त्यांचं. टाकतील." मला मात्र त्या वेणीवाल्याचा असा संताप आला की दवाखान्यात मी एका निरपराध वेणीवाल्या बाईला तारीखच दिली नाही.

आणि मग कहर झाला. मी मामाचा दुसरा व्हिडिओ टाकला होता, तर व्हिडिओच्या वेबसाइटकडून सूचना आली. मी ती सलूनमध्ये उभी राहून मोठ्यानं वाचली, हीच मोठी चूक. "आपल्या व्हिडिओमधील ध्वनी अन्य हक्कधारकाच्या मालकीचा आहे. सदर ध्वनीचा वापर तात्काळ थांबवावा. पुन्हा वापर आढळल्यास कारवाई करण्यात येईल."

मला तर हसावं की फोन फेकावा ते कळेना. झालं होतं असं की वेणीवाल्याच्या कंपनीनं ते गाणं आपल्या नावावर नोंदवलं होतं, आणि वेबसाइटचं यंत्र रात्रंदिवस बसून कुठे त्यातला आवाज वाजतोय का ते ऐकत होतं. त्या यंत्राला मामाची कात्री ऐकू आली. यंत्राला काय ठाऊक आधी कोण वाजलं! "मामा, ऐकलंस का? तू तुझीच कात्री चोरलीस!" मी म्हणाले आणि खो खो हसत मागे वळले.

मामाची कात्री थांबली होती. खुर्चीत शाळेचे मुख्याध्यापक बसले होते, अर्धे कापून झालेले. मामानं कात्री मिटली, दोन्ही हातांनी धरली आणि मला विचारलं, "तात्काळ म्हणजे आत्ताच ना?"

"अरे मामा, ते व्हिडिओसाठी आहे. दुकानात तू वाट्टेल ते कर."

"त्यात दुकानाचं वेगळं काही लिहिलंय?"

"नाही, पण..."

"मग झालं तर." आणि त्यानं उरलेले मुख्याध्यापक आवाज न करता कापले.

त्या दिवसापासून मामा मुकाट्यानं केस कापायला लागला. कात्रीला तेलानं इतकं माखलं की ती हातातून सुळकन निसटायची. केस कंगव्यात आले की हळूच उघडायची, कापायचं, श्वास रोखून मिटायची. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं की मामा गिऱ्हाइकाच्या नकळत त्याचे केस चोरतोय. मी समजावलं, ओरडले, हात जोडले. मामा एकच म्हणायचा, "लेखी आहे."

आणि कटिंग वाकडी व्हायला लागली. मुख्याध्यापकांचा एक कल्ला कानाच्या वर आणि एक खाली राहिला होता, ते प्रार्थनेच्या वेळी मान कलती ठेवून समतोल साधायचे. घोरणाऱ्या साहेबांच्या डोक्याच्या मागे चक्क पायऱ्या झाल्या. ते आता झोपतही नव्हते, उघड्या डोळ्यांनी आरशात सगळं बघत बसायचे, आणि ते बघून मामाचा हात आणखी कापायचा. मामी सगळ्यात जास्त हसली ती त्या पायऱ्यांना. पण मग गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडच्या मशीनवाल्याकडे जायला लागली. एका संध्याकाळी मी आले तर दोन्ही खुर्च्यांवर वर्तमानपत्रं होती आणि मामा दारात उभा राहून पलीकडे बघत होता.

"हात माझा राहिला नाही गं," तो म्हणाला. "आता हे असंच राहिलं तर दुकानाला कुलूपच लावायचं."

मला रडूच आलं. उभ्या जन्मात मामाला एकच गोष्ट येत होती आणि ती मी फोनवर वाचलेल्या तीन वाक्यांनी घालवली होती.

दुसऱ्या दिवशी मी वकीलकाकांना धरून आणलं. हे मामाचे जुने गिऱ्हाईक. डोक्यावर एक केस नाही, पण वर्तमानपत्र फुकट मिळतं म्हणून दाढीच्या निमित्तानं रोज येतात. त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, म्हणजे पळता येऊ नये, आणि मी म्हणाले, "काका, कायदा सांगा."

"नुसता ताल कुणाच्या मालकीचा होत नाही," वकीलकाका म्हणाले. "कच, कचकच कुणीही करावं. मालकी असते ती रेकॉर्डिंगची. वेणीवाल्यानं तुमच्या व्हिडिओतला आवाज उचलला, न विचारता. चूक त्याची. तुम्ही आपल्या दुकानात बेलाशक वाजवा."

"बघ!" मी म्हणाले.

"मग रेकॉर्डिंग माझं ना?" मामानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

"व्हिडिओ कुणी काढला?"

मी हात वर केला.

"मग रेकॉर्डिंगची मालकीण ही."

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे कात्री माझी, हात माझा, गिऱ्हाईक माझं, आणि मालकीण ही? ही नुसती फोन धरून उभी होती! चहा पीत!"

"वाजवणाऱ्यालाही हक्क असतो," वकीलकाका घाईनं म्हणाले. "त्याला विचारल्याशिवाय त्याचं वाजवणं वापरता येत नाही. पण नुसत्या तालावर कुणाचाच हक्क नाही."

पडद्याआड मामी हसून हसून खोकायला लागली होती. मामा म्हणाला, "हसू नकोस गं, इथे कायदा चाललाय." त्यावर वकीलकाकासुद्धा हसले आणि कापडासकट खुर्चीत हलायला लागले.

त्यांनी सूचनेला द्यायचं उत्तर मला तिथेच सांगितलं. मी ते वेबसाइटला पाठवलं, आणि वेणीवाल्याला वेगळं लिहिलं. काय लिहिलं ते इथे देत नाही, लहान मुलंही वाचतात. मामानं हात धुतले, कात्री पुसली, आणि वकील समक्ष बसलेत या धिरावर पुन्हा वाजवायला घेतली.

कच... कच. कचकच... कच.

ते येईना. आवाज येत होता, पण तो ताल लागत नव्हता. मामा थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळला. त्या आठवड्यात जी दोन-चार डोकी आली ती तशीच वाकडी गेली. बंदी उठली होती आणि हात तरीही परत येत नव्हता, आता काय करायचं ते वकीलकाकांनाही सांगता येईना. मामा जेवेनासा झाला. मामीचं हसणं पण अर्ध्यावर यायचं आणि थांबायचं.

वेणीवाल्याचं उत्तर आलं. तो म्हणाला, मी स्वतः येतो.

आला तेव्हा मी मुद्दाम दारातच उभी होते, मनात सगळं पाठ करून. चोर, लुटारू, वेणीवाला. पण तो आला तोच घाबरलेला. काडीसारखा मुलगा, हातात चपला. दारात 'पाय पुसून आत यावे' अशी पाटी आहे, ती वाचून त्यानं सरळ चपलाच काढल्या होत्या. मामाला तो तिथेच आवडला. माझं सगळं भाषण फुकट गेलं.

"इंटरनेटवर होतं," तो खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला. "मला वाटलं, टाकलंय म्हणजे घ्या असंच आहे. पुढे कंपनीनं नोंदवलं, यंत्रानं पकडलं, मला काही कळलंच नाही. मी दुरुस्त करायला आलोय. ज्यांचं असेल त्यांचं नाव टाकतो."

"ह्यांचं!" मी मामाकडे बोट दाखवलं.

तो चाचरला. "व्हिडिओत फक्त हात आहेत. मला आतापर्यंत बऱ्याच जणांचे मेल आले. एक जण म्हणतो ते हात माझे आहेत, आणि तो कुक्कुटपालन करतो. राग मानू नका, पण एकदा वाजवून दाखवाल का?"

मामानं कात्री उचलली. मोकळ्या हवेत दोनदा वाजवली आणि खाली ठेवली. "असं नाही येत. डोकं लागतं," तो म्हणाला.

सगळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. वकीलकाका दाराजवळच्या बाकावर रोजच्यासारखे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा पानात तोंड घातलं. माझे केस मी आदल्याच आठवड्यात पलीकडच्या मशीनवाल्याकडे कापून घेतले होते, हे मामाला कळू नये म्हणून मी ओढणी डोक्यावर घेतली. उरला एकच जण. त्यानं आपली वेणी हातात घेतली, तिच्याकडे एकदा मायेनं बघितलं आणि पापण्या मिटून मान खाली घातली.

"थोडेच कापा," तो म्हणाला.

मामानं वेणी सोडली, केस भिजवले, विंचरले, कंगवा लावला. कात्री उघडली. कच... कच. मामा अडखळला. पुन्हा कच, आणि जिथे कापायला नको होतं तिथून, खांद्यापाशीच कापली गेलेली एक लांब बट खाली पडली. वेणीवाल्याच्या तोंडून लहानसा आवाज निघाला. मामाचा हात लटलट कापत होता. त्यानं कात्री आरशापुढे ठेवली आणि म्हणाला, "नाव नका टाकू. माझं नसेलच ते."

तेवढ्यात पडदा सरकला.

मामी बाहेर आली. तिच्या बोटात शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं ते लोखंडी टोपण होतं, अंगुस्तान. ती हसत नव्हती, हेच मला पहिल्यांदा जाणवलं. ती सरळ दुसऱ्या, मोडक्या खुर्चीपाशी गेली, वर्तमानपत्रं बाजूला केली आणि त्या बोटानं लाकडी पाठीवर वाजवलं. टक.

"घ्या कात्री," ती मामाला म्हणाली.

टक. मामानं कात्री उचलली. टक. आणि दोन टकांच्या मध्ये, जणू तिथे आधीपासून जागा ठेवलेलीच होती, कात्री येऊन बसली. कच... कचकच, टक. कच... कचकच, टक!

वेणीवाला खुर्चीतून उडालाच. "तो टक! तो टक मला कधी कळला नव्हता! मला वाटलं कंगवा असेल!"

आम्हाला सगळ्यांनाच वाटलं होतं कंगवा असेल. मामाचा कंगवा प्लॅस्टिकचा आहे हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, हे तू...?" मामा म्हणाला.

"नवं दुकान टाकलं तेव्हा तुमचा हात असाच कापायचा," मामी म्हणाली. "एका माणसाचा कान कापलात, आठवतंय का? रात्रभर रडलात. म्हणून मी मागून टेबलावर वाजवायला लागले, की यांनी घाबरायच्या आत पुढची बट घ्यावी. मग सवयच पडली. आजतागायत वाजवतेय. तुम्हाला ऐकू येणं बंद झालं, एवढंच."

"मग इतके दिवस का नाही वाजवलंस? मी मेलो असतो की गं इथे!"

"लेखी आलं होतं ना!" मामी म्हणाली. "ध्वनीचा वापर तात्काळ थांबवावा."

"ते उठलं की! वकिलांनी सांगितलं!"

"तुमच्या कात्रीला सांगितलं. माझ्या अंगुस्तानाबद्दल कुणी काही बोललं का?"

हे ऐकून वकीलकाकांनी वर्तमानपत्र तोंडावर धरलं आणि ते वर्तमानपत्र थरथरायला लागलं. मला हसू फुटलं, मला पाहून वेणीवाल्याला फुटलं, आणि शेवटी मामीला असं काही फुटलं की ती त्या मोडक्या खुर्चीत बसली आणि ती खुर्ची इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली गेली. त्यावर तर आम्ही सगळे अक्षरशः लोळलो. एक मामा तेवढा हसत नव्हता. तो हातात कात्री धरून मामीकडे बघत होता.

"ओ संगीतवाले," तो म्हणाला, "कायद्यानं ताल देणाऱ्याचं नाव टाकतात का?"

"ताल कुणाच्या मालकीचा नसतो," वकीलकाका डोळे पुसत म्हणाले.

"मालकी कोण मागतंय? नाव टाकता येतं का ते विचारतोय."

"नाव टाकायला कुणाची ना नाही."

"मग लिहा," मामा म्हणाला. वेणीवाल्यानं अर्धं कापलेलं डोकं फोनवर वाकवलं. "ताल, मामी. कात्री, मामींचा नवरा." मग त्याला मी दिसले. "आणि रेकॉर्डिंग, भाची. ती नुसती उभी होती, चहा पीत. पण लिहा."

ते तसंच लिहिलं गेलं. गाणं लावलं की खाली आजही तेच दिसतं. लोक विचारतात हे कुठलं पथक आहे. मामाला इतके दिवस ज्या एका ओळीची आस होती ती ओळ अशी आली, आणि तिच्यात तो 'मामींचा नवरा' म्हणून होता. ते मोठ्यानं वाचताना त्याची छाती दोन्ही बाजूंना फुगली होती. मला त्या क्षणी मामा इतका आवडला की मी त्याला पलीकडच्या मशीनवाल्याचंही सांगून टाकलं. तो नुसतं "ते दिसतंय" म्हणाला.

वेणीवाल्याचं डोकं मात्र अजून अर्धंच होतं. एक बाजू खांद्यावर, एक बाजू कमरेवर. मामानं कापड झटकलं, मामीनं बोटातलं अंगुस्तान सारखं केलं. वेणीवाल्यानं कापडाखालून फोन बाहेर काढला, रेकॉर्ड करायला बोट पुढे नेलं आणि तो थांबला. आरशातून त्यानं मामीकडे बघितलं.

"मामी, रेकॉर्ड करू का?"

मामी गोंधळली. तिनं आधी मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वकीलकाकांकडे, आणि तिघांनीही तिच्याकडेच बघितलं. मी दोन-दोन व्हिडिओ काढले होते आणि पडद्याआड जाऊन हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मामानं तर तो ताल न विचारता आयुष्यभर हातात घेतला होता. तिनं साडीच्या काठाला हात पुसले. तिचं तोंड हसण्यासाठी उघडलं आणि तसंच राहिलं.

"मी काय म्हटलं तरी चालेल?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेच," वेणीवाला म्हणाला.

"मग नाही," मामी म्हणाली.

एवढं म्हणून ती स्वतःच दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी कधी बघितलं नव्हतं. "नाही," ती पुन्हा म्हणाली, जोरात, चव घेऊन. "उद्या विचार. उद्या कदाचित हो म्हणेन. आज नाही."

वेणीवाल्यानं फोन बंद करून खिशात ठेवला. मीही माझा पर्समध्ये टाकला. वकीलकाकांनी त्यांचा साधा जुना फोन काढून, उगाचच, सगळ्यांना दिसेल असा बंद केला. मामीनं खुर्चीच्या पाठीवर बोट टेकवलं आणि मामा कात्री उघडून तिच्याकडे बघत उभा राहिला, ती कधी सुरू करते याची वाट पाहत.